नोकरीला ‘नाही’ म्हणण्याची चैन

सध्या राजीनाम्याला काय ग्लॅमर आलंय ना! कुणीतरी दहा वर्षांची नोकरी सोडतं, लॅपटॉप परत करतानाचा फोटो टाकतं, खाली चार ओळी... ‘फायनली मनाचं ऐकलं!’ तासाभरात लाइक्सचा पाऊस. आणि आपण? आपण इकडे अप्रेझलचा फॉर्म भरत बसलेलो. ‘स्वतःला पाचपैकी किती गुण द्याल?’ या प्रश्नापाशी अडकलेलो. मग उगाचच वाटायला लागतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे बॉस. हिंमत नाही आपल्यात.

या फीलिंगवर माझ्याकडे एक जुना उतारा आहे. चांगला दीडशे वर्षांपूर्वीचा. त्यासाठी पुण्याला, येरवड्यात जावं लागेल. घाबरू नका, तुरुंगात नाही. कॉलेजात!

पुण्यातल्या आयटीवाल्यांनो, तुमच्यातले कित्येक जण रोज या कॉलेजच्या आसपासून जातात. बंडगार्डनचा पूल ओलांडायचा, सिग्नलला शिव्या घालायच्या, घड्याळ बघायचं... आणि जवळच झाडीत एक दगडी, मनोऱ्याची, इंग्लंडमधून उचलून आणल्यासारखी इमारत उभी असते. ते डेक्कन कॉलेज. (डेक्कन जिमखान्याशी याचा काही संबंध नाही. रिक्षावाल्याला नीट सांगा, नाहीतर तो तुम्हाला थेट ‘गुडलक’समोर उतरवेल.)

या कॉलेजचं मूळ १८२१ सालचं. विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, तिचं १८५१ मध्ये पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं आणि १८६८ मध्ये कॉलेज येरवड्याच्या या नव्या इमारतीत आलं. तेव्हा ही जागा म्हणजे गावाबाहेर. शहर नदीपल्याड. त्यामुळे हॉस्टेल लाइफ एकदम फुल्ल! सकाळी एकत्र, रात्री एकत्र, वाद एकत्र, भांडणं एकत्र.

आणि विद्यापीठ? पुणे विद्यापीठ यायला १९४९ साल उजाडायचं होतं. तेव्हा विद्यापीठ म्हणजे मुंबईचं, १८५७ सालचं. सिंधपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या पोरांचं नशीब तिथे ठरायचं. पण हे विद्यापीठ शिकवायचं नाही. अभ्यासक्रम ठरवायचं, परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. शिकवण्याचं काम कॉलेजांचं. परीक्षा मात्र अशी की आपल्या एन्ट्रन्सवाल्यांनाही घाम फुटावा. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, तिला १३२ जण बसले. पास किती? २२! पुढे १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आता विचार करा, ज्या काळात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजावे लागत, त्या काळात बी.ए. या दोन अक्षरांचा भाव काय असेल! सरकारी नोकरी जवळजवळ खिशात. कुणी मामलेदार, कुणी मुन्सफ, कुणी हेडमास्तर. आईवडील कृतार्थ, सासरे खूश. आजच्या भाषेत सांगायचं तर शंभर टक्के प्लेसमेंट.

अशा या कॉलेजात १८७३ मध्ये बाळ गंगाधर टिळक नावाचा एक किरकोळ प्रकृतीचा मुलगा आला. आपल्याला माहीत असलेला पगडीवाला, करारी फोटोतला माणूस विसरा जरा. हा सतरा वर्षांचा, तब्येतीनं यथातथा असलेला फर्स्ट इयरवाला. यानं ठरवलं, आधी शरीर. वर्षभर तालीम, पोहणं, खाणं. अभ्यासाचं ते वर्ष वाया गेलं तरी फिकीर नाही. हॉस्टेलमध्ये औषधांच्या बाटल्या घेऊन बसणाऱ्या नाजूक मंडळींची हा टर उडवायचा, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तोंडावर बोलायची सवय, त्यामुळे पोरांनी नावं ठेवली ‘ब्लंट’ आणि ‘डेव्हिल’. म्हणजे प्रत्येक हॉस्टेलमध्ये एक असतो ना, ज्याच्या खोलीवर रात्री जायला मजाही येते आणि धास्तीही वाटते, तो हा! टिळकांची ती खोली डेक्कन कॉलेजमध्ये आजही जपून ठेवलेली आहे.

दोनेक वर्षांनी दुसरा एक मुलगा आला. गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी इतकी, की कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असं जिथे आधार मिळेल तिथे जाऊन शिकलेला. कॉलेजात त्याच्याकडे सदरा एकच. रात्री धुवायचा, वाळत घालायचा, सकाळी तोच अंगात. आपल्याकडे सोमवारी काय घालायचं यावर पंधरा मिनिटं जातात, तिथे याचा प्रश्नच मिटलेला!

या दोघांची गट्टी जमली. १८७९ च्या सुमाराला टिळक एलएल.बी. उरकत होते, आगरकर एम.ए.च्या तयारीत. वय दोघांचंही तेवीसच्या आसपास. कॉलेजच्या आवारात, टेकडीवर फिरता फिरता तासन्‌तास वाद चालायचे. देश आधी की समाज आधी, शिक्षण कसं हवं, पुढे करायचं काय. आपल्या कट्ट्यावर चालतं तेच. फक्त एक फरक होता. आपण रात्री दोनला ठरवतो आणि सकाळी विसरतो. हे दोघे विसरले नाहीत.

त्यांनी ठरवलं, सरकारी नोकरी करायची नाही. थोड्या पगारावर स्वतःची शाळा काढायची. तिकडे विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीची सरकारी मास्तरकी सोडून बाहेर पडले होते. तेही याच कॉलेजचे पदवीधर. मग काय, १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. आगरकर एम.ए. आटोपून येऊन मिळाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. हॉस्टेलमधल्या गप्पांतून पाच वर्षांत कॉलेज उभं! एकदम सॉलिड स्टार्टअप.

आगरकरांनी या दरम्यान आईला पत्र लिहिलं होतं. मुलगा मोठी परीक्षा पास झाला, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, असं तुला वाटत असेल. पण मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार, अशा अर्थाचं. शाळेत हे पत्र ऐकलं की आमच्या बाई भारावून जायच्या. मला मात्र नेहमी त्या माउलीचं वाटायचं. पोराला शिकवायला इतकी वर्षं खस्ता काढल्या, आणि हातात काय, तर पत्र!

बहुतेक मोटिव्हेशनल भाषणं इथेच संपतात. ‘बघा, त्यांनी नोकरीला लाथ मारली. तुम्ही कधी मारणार?’ टाळ्या. चहा. घरी.

पण मला याच कॉलेजातली दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती या गोष्टीनंतर जेमतेम आठ-नऊ वर्षांनी घडते. तिच्याशिवाय पहिली गोष्ट अर्धीच राहते.

कॉर्नेलिया सोराबजी. १८६६ मध्ये नाशिकला जन्म, वाढली पुण्यात. वडील पारशी कुटुंबातले, ख्रिस्ती झालेले. आई पुण्यात शाळा चालवायची. मुंबई विद्यापीठानं मुलींना परीक्षांची दारं उघडली ती १८८३ मध्ये. म्हणजे त्याआधीची छब्बीस वर्षं या विद्यापीठाच्या लेखी निम्मी माणसं नव्हतीच! दारं उघडल्यावर ही मुलगी डेक्कन कॉलेजात दाखल झाली. शेकडो मुलं आणि ही एकटी.

तिला लेक्चरला बसता येऊ नये म्हणून वर्गमित्र काय करायचे, माहितेय? वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घ्यायचे. तीच इमारत, त्याच खिडक्या, तीच टेकडी. दहा वर्षांपूर्वी ज्या आवारात देशाच्या भवितव्यावर रात्रभर चर्चा झडल्या, तिथेच एका मुलीला वर्गात शिरण्यासाठी रोज नव्यानं प्रयत्न करावा लागत होता.

ती शिरली. नुसती शिरली नाही, १८८७-८८ च्या सुमाराला पदवीच्या परीक्षेत आपल्या तुकडीत पहिली आली. पश्चिम भारतातली पहिली महिला पदवीधर. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी स्कॉलरशिप मिळत असे. हिला ती नाकारली गेली. कारण? पहिली आलेली व्यक्ती मुलगी होती!

आता या दोन ‘नाही’ शेजारी शेजारी ठेवून बघा. आगरकरांनी सरकारला ‘नाही’ म्हटलं. कॉर्नेलियाला सरकारनं ‘नाही’ म्हटलं. कॉलेज एकच, विद्यापीठ एकच, हुशारीत दोघंही कमी नाहीत. एकानं नाकारलं आणि इतिहासात त्याग म्हणून नोंद झाली. दुसरीला नाकारलं गेलं आणि कित्येक वर्षं कुणाला पत्ताही नव्हता.

माझा मुद्दा आगरकरांना कमी लेखण्याचा मुळीच नाही. एका सदऱ्यावर एम.ए. करणारा माणूस नोकरी सोडतो तेव्हा ती गंमत नसते. पण नोकरी नाकारण्यासाठी आधी नोकरी समोर यावी लागते. ‘नाही’ म्हणणं हीसुद्धा एक चैन आहे दोस्तांनो, आणि ती सगळ्यांना परवडत नाही. हिमतीचा प्रश्न त्यानंतर येतो.

आणि कॉर्नेलिया निदान फाटकाच्या आत तरी पोचली होती. बाहेर किती होते? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामातून, आणि उच्च शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा मिळतो तो वरच्या जातींना. तेव्हा आधी प्राथमिक शिक्षण सगळ्यांपर्यंत न्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच पुण्यात, नदीच्या पलीकडे, सरकारी पैशावर चालणारं हे देखणं कॉलेज उभं होतं. ज्यांच्या करातून ते चाललं, त्यांची पोरं तिथल्या बाकावर जवळजवळ नव्हतीच. त्यांच्यापुढे ना नोकरी नाकारायचा प्रश्न होता, ना स्कॉलरशिपचा.

कॉर्नेलियाचं पुढे काय झालं? ती रडत बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, मुलांच्या कॉलेजात, इंग्रजी शिकवायला गेली. वय बावीसच्या आतबाहेर. जे तिला वर्गात घेत नव्हते त्यांच्याच वयाच्या मुलांना ती आता वर्गात शिकवत होती. याला म्हणतात रिव्हेंज! दरम्यान इंग्लंडमध्ये काही लोकांनी तिच्यासाठी वर्गणी जमवली. मेरी हॉबहाउस त्यात पुढे होत्या. मदत करणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि विल्यम वेडरबर्न यांचीही नावं आहेत. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला पोचली, १८९२ मध्ये तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. ती देणारी पहिली स्त्री. पण पदवी? ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं. तिला ती मिळाली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! आपलं इन्क्रीमेंट एक क्वार्टर लांबलं तर आपण एचआरचं जगणं मुश्कील करतो.

वकिली करायची सनदही तिला विशीत-तिशीत मिळाली नाही. मधल्या काळात तिनं सरकारी सल्लागार म्हणून पडद्यात राहणाऱ्या शेकडो बायकांची इस्टेटीची, वारसाची प्रकरणं हाताळली. बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा भारतात १९२३ मध्ये झाला. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होत होती. तिची राजकीय मतं अनेकांना पटणार नाहीत. ती ब्रिटिश राज्याच्या बाजूची होती, गांधीजींच्या चळवळीवर टीका करायची. असो. दार ठोठावणारा माणूस आपल्याच मताचा असला पाहिजे, अशी अट थोडीच आहे!

आता पुन्हा आगरकरांकडे. कारण मला ते आवडतात ते नोकरी सोडली म्हणून नाही, त्यानंतर जे केलं त्यासाठी. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं. कॉर्नेलिया पदवीधर होऊन बाहेर पडली, साधारण तोच काळ. त्यात त्यांनी चक्क लिहिलं की मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र बसवून. बायकांना पोटापाण्यापुरतं कमावता येईल असं शिक्षण हवं, हेही. पुण्यात! १८८० च्या दशकात! त्याच गावात टिळकांच्या पत्रांतून मुलींच्या हायस्कुलातल्या इंग्रजी धाटणीच्या शिक्षणावर टीका होत होती. टेकडीवरचे दोघे मित्र आता समोरासमोर होते. लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते मागे हटले नाहीत.

आणि मैत्री? १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. मतभेद सुधारणेवरून होतेच, पण पैशावरूनही होते. आजीव सदस्यांनी किती पगार घ्यावा, बाहेरची कमाई करावी की नाही, कुणाला मिळालेली देणगी कुणाची... थोड्या पगारावर राहण्याची शपथ घेऊन निघालेली मंडळी दहा वर्षांनी पगाराच्याच मुद्द्यावर भांडली. यात हसण्यासारखं काही नाही. पॅशन कितीही खरी असू द्या, महिनाअखेर सगळ्यांना येतेच. आगरकर १८९५ मध्ये गेले. वय अवघं अडतीस.

आता जरा आपल्याविषयी. मास कॉमच्या माझ्या बॅचमध्ये नोकरी सोडून ‘स्वतःचं काहीतरी’ करणारे बरेच निघाले. मीही त्यातलीच. पण खरं सांगू? मी फ्रीलान्सिंग करते ती फार शूर आहे म्हणून नाही. आईबाबांचं घर याच शहरात आहे. भाडं नाही, डबा आयता आहे. मध्यंतरी एका मासिकानं माझं मानधन पाच महिने लटकवलं, तेव्हा मी चिडले, पण उपाशी राहिले नाही. माझ्या ‘फ्रीडम’चा हप्ता आईबाबा भरतात!

आमच्या बॅचची खरी टॉपर दुसरीच होती. तालुक्याच्या गावातून आलेली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की बघत राहावं अशी. एका चॅनेलच्या शेवटच्या राउंडपर्यंत गेली. तिथे तिला विचारलं, ‘नाइट शिफ्टला घरचे सोडतील ना? लग्नाचं काय ठरलंय?’ मुलाखतीला आलेल्या मुलांना हे विचारलं नव्हतं. नोकरी गेली दुसऱ्याला. आज ती एका कंपनीत प्रॉडक्टची माहिती लिहिते, दर महिन्याला घरी पैसे पाठवते, धाकट्या भावाची फी भरते. ती राजीनाम्याची पोस्ट टाकू शकत नाही. तिच्यात हिंमत कमी आहे, असं म्हणायची कुणाची शामत आहे?

तेव्हा अप्रेझलचा फॉर्म भरताना स्वतःला कोसणं थांबवा. जो नोकरी टिकवून घर चालवतो, तोही काही कमी मर्दुमकी करत नाही. आणि ज्यांना खरोखर सोडायची आहे, त्यांनी जरूर सोडा, बिनधास्त सोडा. पण सोडताना आपल्या पायाखाली कुणाचा आधार आहे ते बघा, आणि तो नसलेल्यांना लेक्चर देऊ नका.

आणि एक. कॉर्नेलियाच्या गोष्टीत मला सगळ्यात आवडणारी माणसं म्हणजे ते वर्गणी देणारे. त्यातल्या बहुतेकांनी तिला तोवर पाहिलंही नसेल. एका मुलीचं दार अडलंय एवढं कळलं, आणि त्यांनी आपल्या बाजूनं ढकललं. आपल्यालाही हे रोज करता येतं. फुकटात. आपल्या जुन्या कॉलेजातली, आपल्याला न ओळखणारी एखादी ज्युनिअर मेसेज करते, ‘सर, मॅडम, तुमच्या कंपनीत जागा आहे का? बायोडेटा पाठवू का?’ आपण ते दोन निळ्या टिकांवर सोडून देतो. खूप काम असतं ना आपल्याला!

या आठवड्यात एवढंच करा. राजीनाम्याची झकास पोस्ट सुचली असेल तर ती ड्राफ्टमध्ये राहू द्या. आधी त्या मेसेजला उत्तर द्या.